फोटोमागची नावं

अबुधाबी,
शुक्रवार, २१ जून १९६८

प्रिय रफिक,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा काहीतरी काम काढून उठलो. आज मात्र उठायला निमित्त नाही. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, सगळा कॅम्प आडवा झालाय. बाहेर असं ऊन आहे की नळाखाली हात धरला तर भाजतो. माझ्या खोलीला पंखा आहे, पण तो बिचारा इकडची गरम हवा तिकडे करतो आणि पगार घेतल्यासारखा फिरत राहतो. दमलोय रे. सात वर्षांचा थकवा एका शुक्रवारच्या झोपेने जात नाही, हे मला आता कळलंय, आणि म्हणून झोपण्याऐवजी तुला लिहितोय.

तू लिहिलंस की फुटबॉलच्या निवडीची नोटीस आठवडाभर बोर्डावर होती आणि खाली नऊ नावं आली. त्यातल्या दोघांनी ती गॅदरिंगच्या नाटकाची समजून सही केली. हे वाचून मी आधी हसलो, मग हसायचं थांबलो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तुला पंधरा जुलैची मुदत दिलीय. तोवर टीम उभी राहिली नाही तर फुटबॉल बंद, मैदानावर प्रयोगशाळेची इमारत, आणि रफिकमास्तर लायब्ररीत पुस्तकांना नंबर चिकटवायला. दहा वर्षं शिट्टी फुंकलेल्या माणसाने लायब्ररीत बसायचं, जिथे शिंकायचीसुद्धा चोरी! तू मला विचारलंस, हमदू, पोरं जातात कुठे? फी माफ आहे, होस्टेलवर जेवण आहे, बूट कॉलेजचे आहेत, तरी का येत नाहीत? आणि मग पत्राच्या अगदी तळाला, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ लिहिलीस. त्या ओळीचं उत्तर मी शेवटी देईन. आधी पहिल्या प्रश्नाचं देतो, कारण ते मला पाच वर्षांपासून माहीत आहे.

तुला आठवतं, आपण दोघे बाशी ईदला भाट्याची खाडी तरीतून ओलांडायचो? ईदच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळू उघडी पडली की दोन मोहल्ल्यांची मॅच व्हायची. वल्ही रोवून गोल केलेले, पायात काही नाही, आणि भरती आली की मॅच संपली, मग कोण जिंकत असो. मी मॅच बघायचो. तू मॅच बघायचा नाहीस. तू धक्क्यावर उभा राहून पोरं होडीतून गुडघाभर पाण्यात उडी कशी मारतात ते बघायचास, डोक्यावर मासळीची पाटी असताना कुणाचा पाय कसा पडतो ते. पायाकडे बघायचं, थोबाडाकडे नाही, असं म्हणायचास. आणि पोरगं हेरलं की मॅचच्या आधी त्याच्या आईला भेटायचास. मरियमबीच्या ओटीवर तू दोन तास बसलास तो दिवस मला दिसतो. तिचा मोहिद्दीन डावखुऱ्या पायाचा. ती म्हणत होती, चेंडूला लाथा मारून माझ्या पोराचं काय भलं होणार? आणि तू म्हणालास, खाला, बी.ए. करून तुमचा तुम्हाला परत देतो. तिने तुला शिरखुर्मा दिला म्हणजे पोरगं दिलं, हे आपल्याला कळायचं. तीन वर्षं आपण कोल्हापूरकरांना त्यांच्या मैदानावर घाम फोडला, तो असल्या शिरखुर्म्याच्या जोरावर.

मग मी इकडे आलो. तू फोटो पाठवायला लागलास. कॉलेजच्या पायऱ्यांवर टीम, मधल्या पोराच्या पायाशी चेंडू, त्यावर खडूने साल, आणि फोटोच्या पाठीमागे तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात प्रत्येकाचं नाव, वडलांचं नाव, गाव.  पहिला फोटो आला तेव्हा मी पोरासारखा रडलो. इथे तेव्हा काही नव्हतं, वाळू आणि पत्र्याचे गाळे. मी तो फोटो खाटेच्या डोक्याशी खिळ्याने ठोकला.

दुसऱ्या वर्षीचा फोटो शेजारी लागला आणि एक दिवस आमचा फोरमन हॅरिस खोल्या तपासायला आला. गोरा, लाल मानेचा, वाईट माणूस नाही. फोटोपुढे उभा राहिला. मी छाती फुगवून सांगितलं, ही आमची टीम, सगळे माझ्या खाडीचे. त्याने मागच्या रांगेतल्या उंच पोराच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा पाइप उचलेल? तो आपला फुलबॅक खैरुद्दीन होता. मी म्हटलं, साहेब, हा म्हैस उचलेल. त्याने खिळा काढला, फोटो उलटा केला, आणि मागे काय लिहिलंय ते वाच म्हणाला. रफिक, इथे माणूस बोलवायचा तर एनओसीचा फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्मवर वर तीन ओळी असतात. नाव, वडलांचं नाव, गाव. तू तेवढंच लिहून पाठवलं होतंस. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. दोन महिन्यांत खैरुद्दीन मुंबईहून बोटीत बसला.

तेव्हापासून दर मार्चला हॅरिस मला विचारायचा, हमदुल्ला, कॅटलॉग आला का? तुझ्या टीमच्या फोटोला तो कॅटलॉग म्हणतो. मुंबईचे एजंट देतात त्यात निम्मे खोकणारे निघतात. तुझी पोरं धडधाकट, शिट्टीवर उठणारी, चार शब्द इंग्रजी येणारी, एकमेकांना सांभाळून घेणारी. तू त्यांना तसं घडवलंस. तो तांबड्या पेन्सिलीने डोक्यावर फुली मारायचा आणि मी फॉर्म भरायचो. पहिल्यांदा म्हटलं, जे शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनाच बोलवू. मग दुसऱ्या वर्षाची पोरं स्वतःच लिहायला लागली. मग परीक्षा न देता यायला लागली. तू त्या वेळी लिहिलं होतंस की ऐन मोसमात टीमचे दोन हाफबॅक गायब झाले, घरात आजारपण असेल. आजारपण नव्हतं. दोघे माझ्या शेजारच्या गाळ्यात होते आणि तुला कळवू नका असं त्यांना मी बजावलं होतं. प्रत्येकाला बजावलं. कुणी विचारलं तर मामाने बोलावलं म्हणून सांगायचं. खाडीच्या पलीकडे अचानक इतके मामा कुठून उगवले, याचा तुला कधी संशय आला नाही. तुझा स्वभावच तसा.

आता तर कॉलेजपर्यंत पोहोचायची गरजच उरली नाही. खैरुद्दीनच्या घरावर मंगलोरी कौलं चढली, ती पलीकडच्या धक्क्यावरूनही दिसतात म्हणे. ती बघून प्रत्येक आई मला थेट पत्र लिहिते. तू आता कुणाच्या ओटीवर गेलास तर तुला चहा मिळतो, शिरखुर्मा मिळत नाही. तू प्रिन्सिपॉलना दोष देतोस, रेडिओवरच्या क्रिकेटला देतोस, चिखलाला देतोस. क्रिकेटने तुझा एकही पोरगा नेला नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, रफिक. टीमचा गोलकीपर होतो मी, आणि पाच वर्षांत तुझी एकोणीस पोरं माझ्याच हातून गेली. त्या एकोणिसांमुळे मी मजुराचा कॅम्प असिस्टंट झालो, मला वेगळी खोली मिळाली, हा पंखा मिळाला. हे मी तुला कधी लिहिलं नाही. लाज वाटत होती आणि सवयही झाली होती, दोन्ही एकदम.

माझं न ऐकता तुला सांगून आला तो एकटा मोहिद्दीन. दर पत्रात तू विचारतोस, तो कसा आहे, आणि दर पत्रात मी लिहितो, मजेत आहे. तो मजेत नाही. दीड वर्षापूर्वी यार्डात पाइप घसरला आणि त्याच्या पायावर आला. डावा पाय. दोन बोटं काढावी लागली आणि टाच धड बसली नाही. आता तो स्टोअरमध्ये स्टुलावर बसून हातमोजे वाटतो. मरियमबीला कळवू द्यायला तयार नाही. मी एकदा म्हटलं, निदान रफिकसरांना लिहू का? तर म्हणाला, सरांना नको, त्यांनी या पायासाठी माझ्या आईकडे दोन तास घालवले होते. त्यानंतर मी त्याच्याकडे हातमोजे मागायलाही गेलो नाही.

आणि एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुला सगळं कळेल. गेल्या हिवाळ्यात मला सुचलं की अरे, आपल्या कॉलेजची सगळ्यात चांगली टीम तर इथेच आहे, दोन गाळ्यांत. मी सुकातून, म्हणजे इथल्या बाजारातून, चेंडू आणला. शुक्रवारी गाळ्यांमागे खारट जमिनीवर दोन डबे ठेवून गोल केला आणि सगळ्यांना हाका मारल्या. यल्ला, चला, बाशी ईद समजा! चौदाजण आले. मी गोलात उभा राहिलो. पाच मिनिटं बरं चाललं. मोहिद्दीन कडेला डब्यावर बसून ओरडत होता, इकडे दे, इकडे दे. मग खैरुद्दीन, म्हैस उचलणारा तो खैरुद्दीन, मैदानाच्या मधोमध खाली बसला. म्हणाला, खलास हमदुभाई, आठवड्यातून एकदा पाठ टेकायला मिळते, ती टेकू दे.  एकेकजण निघून झोपायला गेला. वय किती त्यांचं? तेवीस, चोवीस. चेंडू माझ्या खाटेखाली आहे. त्यातली हवा केव्हाच गेली.

गेल्या मोसमाचा फोटो या वर्षी उशिरा आला, तुझ्या या पत्रासोबत. मी तो भिंतीवर लावला नाही, हॅरिसला दाखवला नाही, उशीखाली ठेवला. पण आज नीट बघितला. पायऱ्यांवर दहा पोरं आहेत आणि कडेला अकरावा, हाफ पँट घातलेला, पोट आत ओढून उभा. माणसं कमी पडली म्हणून तू स्वतःच टीममध्ये उतरलास. चौतीस वर्षांचा घोडा! मी फोटो उलटा केला. मागे दहा नावं आहेत, वडलांच्या नावासकट, गावासकट. अकरावी ओळ कोरी आहे. स्वतःचं नाव लिहायचं तुला सुचलं नाही, का हात धजला नाही?

आता तुझी ती बारीक अक्षरातली ओळ. हमदू, माझंही तिकडे काही बघ. हमीदाभाभींना तू अजून सांगितलं नाहीस, असंही पुढे लिहिलंस. बारा दिवस मी या एका ओळीपाशी अडलो होतो. हॅरिसकडे गेलो. टाइमकीपरची जागा आहे, सावलीतली, ओझं उचलायचं नाही. त्याने फॉर्मवर सही केली, तो फॉर्म या पाकिटात आहे. मला विचारशील तर मी सांगेन, येऊ नकोस. पोरांच्या घरोघर जा, हे माझं पत्र वाचून दाखव, मोहिद्दीनचा पाय सांग, माझं नाव घेऊन सांग, आणि पंधरा जुलैपर्यंत मिळतील ती पोरं घेऊन उभा राहा. पण एकोणीस जणांना मी ये म्हटलं, तुलाच नको म्हणायला माझं तोंड कुठे आहे? एकोणीस फॉर्म मी माझ्या हाताने भरले. विसाव्यावर तुझं नाव लिहायला घेतलं आणि हात चालेना. म्हणून वरच्या तीन ओळी कोऱ्या ठेवल्यात. नाव, वडलांचं नाव, गाव. फोटोही परत पाठवतोय, त्याच्यामागेही एक ओळ कोरी आहे. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, रफिक. दोन्हींपैकी एका जागी तुझं नाव तूच लिही. फॉर्मवर लिहिलंस तर मी धक्क्यावर न्यायला येईन. फोटोमागे लिहिलंस तर पुढल्या वर्षीचा फोटो मला पाठवू नकोस.

तुझाच,
हमदुल्ला