बावीसच्या जागी एकोणीस

उस्ताद, तुमच्या जीपच्या ब्रेकचं गणित मी बरोबर केलं होतं. दहावी नापास माणूस, जुन्या पुस्तकांवर शिकलेलो, पण ताळा केल्याशिवाय एक नट ढिला करत नाही. तुमचा उजवा गुडघा तेव्हा गेलाच होता. चिकलठाण्याच्या आपल्या गॅरेजात ब्रेक तपासताना तुम्ही पेडल दाबायला मला बसवायचात आणि स्वतः चाकापाशी उभे राहायचात. कारण दोघांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. म्हणून तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तेव्हा मी जीपचा बावीस मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर काढून एकोणीसचा बसवला. पेडलमागचा हा सिलिंडर बारीक केला की पायाच्या तेवढ्याच जोरात चाकाशी जास्त दाब पोचतो. प्रमाण व्यासाचं नाही, व्यासाच्या वर्गाचं धरायचं: चारशे चौऱ्याऐंशी भागिले तीनशे एकसष्ट. चौतीस टक्के जास्त दाब. फुकट काही मिळत नाही. पेडलही तेवढंच जास्त खाली जातं.

आणि तिथंच सगळं बिनसलं. पेडल खाली गेलं की लाइनीत हवा राहिली समजायचं, पेडल दगडासारखं लागलं पाहिजे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. गावाहून परत येऊन तुम्ही जीपमध्ये बसता, पाय ठेवता, आणि सगळ्या गॅरेजसमोर मला हाक मारता.

"वहीत लई हुशार, अन् हवा काढता येत नाय व्हय रे तुला?"

सगळे हसले. तुम्ही माझ्याकडून तीनदा हवा काढून घेतलीत. हवा नव्हतीच. मग मी एक शब्द न बोलता जुना बावीसचा परत चढवला. तुम्ही दाबून पाहिलंत, खूश झालात.

पंधरा दिवसांनी क्रांती चौकात तुमची जीप थांबता थांबता पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही, रिक्षाचा मागचा पत्रा तेवढा चेपला. तुम्ही चालत गॅरेजात आलात आणि किल्ली माझ्या हातावर ठेवलीत.

"पाय दगा देतोय. आता लोकांच्या गाड्यांना कोणत्या तोंडानं हात लावू?"

त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत. उस्मानपुऱ्यातल्या घरी भेटायला आलो की गाड्यांचं सोडून सगळं बोलायचात. वर्षही काढलं नाहीत.

आता माझ्याकडे गुडघे दुखणारी माणसं येतात. बारीक सिलिंडर बसवला की पेडल एवढं खाली जाईल, घाबरू नका, असं मी बोटानं माप दाखवून आधी सांगतो. एका वाक्याचं काम आहे.

ते वाक्य तुम्हाला का नाही सांगितलं, असं बायको विचारते. उस्तादांचा मान राखला, चारचौघांत गुडघ्याचा विषय कसा काढणार, असं मी म्हणतो. तिला पटतं. पण तुम्ही तीनदा हवा काढायला लावलीत त्या संध्याकाळी चारचौघे घरी गेले होते. आपण दोघंच चहा घेत होतो, आणि रागावलास का, असं तुम्ही विचारलंतही. मी नाही म्हणालो. खरं तर, दाबू दे म्हातार्‍याला त्याचा दगड, असं मनात म्हणत मी चहा संपवला होता.