एक फॉर्म जास्त

३ नोव्हेंबर २००३
पुण्याहून सामान येऊन पोचलं, नोकरी सुरू! नालवाडीत खोली मिळाली, चांगली हवेशीर. केळझरच्या रस्त्यावर व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथले तीस गर्दुल्ले माझ्या गळ्यात. दर सोमवारी प्रत्येकाला प्रश्न विचारून फॉर्म भरायचा: झोप लागते का, दुखणं किती, जगण्यात गोडी वाटते का. जीवनमान मोजायचं म्हणे! ज्यांनी आपल्या हाताने आयुष्याची माती केली, त्यांचं डोंबलाचं जीवनमान? असो. सहा महिन्यांनी कायम करणार आहेत. स्वयंपाकाच्या पंचफुलाबाई चहा मात्र झकास करतात.

१० नोव्हेंबर
विचारायला बसलं की एकेक जण तासभर रडतो. नाकं गळतायत, हात थरथरतायत. शी! आज स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून तीसही फॉर्म आपल्या मनाने भरून टाकले. तोंडं बघितली की उत्तरं कळतात. नानाजी नावाचा म्हातारा ट्रक ड्रायव्हर आहे, पाठ दुखायची म्हणून गोळ्यांना लागला म्हणे. सबबी नुसत्या! त्याला लिहिलं, दुखणं: अजिबात नाही. तेवढ्यात तोच दारात येऊन उभा. म्हणाला, "साहेब, मले इचारा तरी." मी मान वर केली नाही. पुढच्या सोमवारी ये म्हटलं.

१७ नोव्हेंबर
नानाजी शनिवारी गेला. मेलेल्याच्या फॉर्मवर लाल पेनाने आडवी रेघ मारायची, अशी इथली पद्धत. मारली. पंचफुलाबाई म्हणाल्या, मी भरलेला फॉर्म पाहूनच डॉक्टरांनी त्याचं दुखण्याचं औषध बंद केलं होतं, फार तळमळला. मला कशाला सांगता, म्हटलं.
एकोणतीस भरले. मोजले तर तीस.
रोज लुनावरून येऊन-जाऊन माझी पाठ मोडली आहे. जप्त केलेल्या गोळ्यांतल्या दोन घेतल्या. मी काही यांच्यासारखा नाही.

२४ नोव्हेंबर
आजही एक जास्त. काढून वाचला. नाव माझं, अक्षर माझं. झोप: नाही. रोज गोळ्या: सहा. काय चावटपणा आहे! मी चारच घेतो. पंचफुलाबाईंवर ओरडलो, तर म्हणाल्या की त्यांना लिहिताच येत नाही. फॉर्म चुलीत घातला.

२७ नोव्हेंबर
आज सहा झाल्या. नाक गळतंय. लेकाच्यांनी आपला रोग मला—

१ डिसेंबर
गोळ्या काढताना पकडलं. घरी पाठवत नाहीत. इथेच खाट दिली, नानाजीची.
माझा फॉर्म पुन्हा आला. सगळं खरं आहे, फक्त दुखणं: अजिबात नाही. साफ खोटं! कण्यात आग पेटल्यासारखं— पंचफुलाबाईंना म्हटलं, डॉक्टरांना सांगा. त्या म्हणाल्या, डॉक्टर फॉर्म पाहतात.

५ डिसेंबर
औषध बंद केलं. तुम्हाला तर काहीच दुखत नाही, म्हणाले—

८ डिसेंबर
सोमवार. भिंत धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो. ओट्याशी कुणीतरी फॉर्म भरतंय. माझा शर्ट. माझी मान— वर करत नाही—
लाल पेन उचललं त्याने.
साहेब, मले इचारा तरी. साहेब, मले इ—