देवाच्या गडव्यातले दूध

शुक्र., ९ ऑगस्ट
सौ.चा ताप हटत नाही, बारावा दिवस. तिसरे औषधही निरुपयोगी. लघवीच्या तपासणीचा कागद मिळाला. औषधांची उभी यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच अक्षर, 'आर'. डॉ. म्हणाले, "हे जंतू या औषधांना जुमानत नाहीत. दोनच उरली आहेत, दोन्ही सलाईनमधून." राजापेठेतल्या दवाखान्यात दाखल केले.
डॉ.नी विचारले, कच्चे दूध पिता का? ठामपणे सांगितले, नाही. आमच्याकडे दूध दोनदा उकळते.

शनि., १०
वृंदा अकोल्याहून आली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पिशवी खाली ठेवण्याआधीच: "बाबा, आई रोज तीर्थ घेते ना? पंचामृताचं दूध तुम्ही कधी उकळलं?"
म्हणालो, तापवलेले दूध अभिषेकाला चालत नाही.
"तेच म्हणते मी."
चाळीस वर्षे वकिली केली. साक्षीदाराला अपुऱ्या उत्तरावरून धरत आलो. आणि काल मी स्वतः...

रवि., ११
वृंदापुढे आक्षेप ठेवला: तेच तीर्थ मीही घेतो, मला काही नाही. ती म्हणाली, "जंतू आतड्यात शिरले म्हणजे लगेच आजार होतोच असं नाही. बसून राहतात."
युक्तिवादात दोष सापडला नाही. दोष न सापडणे म्हणजे सिद्धता नव्हे. थकवा.

सोम., १२
श्रावणी सोमवार. अभिषेक केला, तीर्थ वाटले नाही. शेजारच्या देशमुखबाई तळहात पुढे करून उभ्या. "काऊन जी वकीलसाहेब, आज तीर्थ नाही? आमचं काही चुकलं?"
दूध नासले, असे सांगितले. देवासमोर खोटे.

मंगळ., १३
वलगावकडून दूध आणणाऱ्या उकंडरावाला दारातच थांबवले. बावीस वर्षे तो दोन भांडी आणतो: चहाची किटली आणि देवाचा गडवा. गडव्याची अट माझीच: एकाच गाईचे, न मिसळलेले, न तापवलेले.
"गडव्यातले कोणत्या गाईचे?"
"कपिलेचं जी."
"तिचेच का?"
"तिची कास घडीघडी सुजते ना. सुई द्या लागते. डेरीवाले सुईवाल्या गाईचं दूध तपासतेत अन् परत करतेत. मंग फेकण्यापरीस देवाले बरं. तुमी थे पिऊन थोडीच राहिले!"
"सुई कोण देतो?"
"मीच. दुकानातून आणतो. पयले एक पुरे, आता तीन लागतेत."
म्हणजे गोठ्यातले जंतूही औषधाला जुमानेनासे झालेले. माणूस लबाड नाही. फसवायचे असते तर किटलीत ओतले असते. देवाचे वेगळे, पोटाचे वेगळे, असे त्याने मानले. मीही तेच मानत होतो.

शुक्र., १६
ताप उतरला. डॉ.ना माझे पूर्वीचे उत्तर दुरुस्त करून सांगितले. ते म्हणाले, "दुधातूनच आले, हे आता ठरवता येणार नाही. नाही आले, असेही म्हणता येणार नाही."
संशयाचा फायदा आरोपीला देतात. आरोपी मीच असताना तो मागणे शोभत नाही.

रवि., १८
उकंडरावाला बजावले: गुरांचा डॉक्टर बोलाव, तोवर कपिलेचे दूध कोणालाच नको.
"वासरालेही नाही?"
"नाही."
"मंग देवाले काय सांगू, दोन-चार रोज कोरा चहा घे म्हून?"
आठवडाभरात प्रथमच हसू आले. लगेच ओसरले.

रवि., २५
सौ. घरी. फार वाळली आहे. दुखणे पुन्हा उद्भवले तर औषध मिळेलच असे नाही, असे डॉ. बाजूला घेऊन म्हणाले. पुढची तपासणी दहा दिवसांनी. सौ.ला दुधाविषयी काही सांगितलेले नाही. वृंदा म्हणते, सांगा. तुम्हीच.

सोम., २६
दूध उकळले, निववले, अभिषेक केला. सौ.ला पाटावर बसवेना, खुर्चीवर बसली. तळहात पुढे केला. अर्धे तीर्थ घेतले आणि थांबली.
"उकळलंय हे."
मी घंटा पुसत राहिलो.
"वृंदाच्या वेळी सातवा महिना होता मला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कच्चं नको. तेव्हाही तुम्ही तापवू दिलं नाही. मग आज काऊन?"
उत्तर मुद्देसूद तयार होते. घंटा खाली ठेवली. उरलेले अर्धे तळहातावर धरून ती माझ्याकडे पाहत होती.