गुडघे तेवढे माझ्याकडचे

मानपाडा, शुक्रवार, १२ ऑगस्ट १९९४

ठाण्याच्या डॉक्टरांनी माझ्या मनूचे सुजलेले गुडघे पाहिले आणि विचारलं, "घरात कुणाला संधिवात, थायरॉईड, कोड, असं काही?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला काही नाही. हिच्याकडे असेल तर विचारा."

मग वन्सं रोज उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेतात, ती काय पेपरमिंटची? ह्यांना माहीत आहे सगळं. पंख्याकडे बघत बसले.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आईकडून येतं, थोडं वडिलांकडून. आलं तरी आजार होतोच असं नाही. दोष कुणाचाच नसतो." ऐकलं कोणी?

आणि त्या गोळीचं मी तरी का बोलले नाही? वन्संच्या मुलीला बघायला येताहेत म्हणून? बारा वर्षं 'आमची सून', आज एका प्रश्नात 'हिच्याकडे'.

मनूचं नाक त्यांच्याकडचं, रंग त्यांच्याकडचा, वर्गातला पहिला नंबरही त्यांच्याकडचाच. गुडघे तेवढे माझ्याकडचे. बरं, असू देत. सकाळी ते आखडतात तेव्हा तिला उचलून न्यायला तरी दुसरं कोण उठतं?