झुझानाच्या वडिलांचा कारखाना

स्टेट कॉलेज,
९ ऑक्टोबर २०२४

ती. सुलेखामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतोच, म्हणून पत्राची अट तूच घातलीस. तर वाच. होय, पीएचडी सोडली. कम्युनिस्ट राजवटी पडल्यावर ज्यांनी सरकारी कारखाने विकून बाजार मोकळा केला, त्या देशांचं भलंच झालं, असं माझे गाइड म्हणतात. मी विचारलं, मग तेच देश आता मागे का वळताहेत, पुन्हा कर आणि बंधनं का वाढवताहेत? ते नुसते हसले. समोर झुझाना बसलेली, तीही त्यांचीच विद्यार्थिनी. स्लोव्हाकियात तिच्या वडिलांचा कारखाना असाच विकला गेला, नोकरी गेली. माझं डोकंच फिरलं. फाइल टेबलावर आपटून निघालो.

आता कॉलेज नाही तर व्हिसा नाही. हा देश सोडला तर परत येता येईल की नाही कोण जाणे, आणि झुझाना तर इथे. दिवसभर खोलीच्या खिडकीतून कॅम्पसच्या बसेस बघतो. आईला सांगू नकोस, प्लीज.

रागाव, पण लिही.
अक्षत


ईडन प्रेरी,
१६ ऑक्टोबर

चि. अक्षत यास,
अ. उ. आ.

उन्हाळ्यात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हाचा झुझानाचा नंबर होता. केला फोन. अरे वेड्या, कारखाना विकला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी शेजाऱ्यांना बिअर पाजली होती. तिथे त्यांचा जीव गुदमरत होता म्हणे. सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं, कर कमी होता, एकाची तीन दुकानं झाली. पुढे सरकारं बदलली, कर वाढत गेले, आता तिसऱ्याला कुलूप लागलंय. तिचं म्हणणं एवढंच, की तिच्या वडिलांसाठी भांडायच्या आधी अक्षतने तिला एकदा विचारायचं तरी.

गाइडनी पत्र दिलं तर प्रवेश परत मिळू शकतो, असं काका म्हणतात. जा आणि माफी माग. आणि वेळेवर जेव. तुझं अक्षर उपाशी दिसतंय.

तुझ्यावर चिडूनही तुझीच,
सुलेखामावशी


स्टेट कॉलेज,
३० ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माफी मागितली. गाइड पत्र देताहेत. म्हणाले, ते देश मागे का वळले हा तुझाच प्रश्न ना, मग आता त्याच्यावरच लिही. म्हणजे अजून तीन वर्षं इथून हलायचं नाही.

आणि झुझाना डिसेंबरमध्ये कायमची घरी चाललीय, उरलेली दोन दुकानं वाचवायला. मीही येतो म्हणालो. तिने विचारलं, पंक्चर काढता येतं का? नाही येत, यार मावशी.

ती गेली की तिची खुर्ची गाइड मला देणार आहेत, खिडकीजवळची. तिथूनही त्याच बसेस दिसतात.

लोभ असू दे, आत्ता लागणार आहे.
अक्षत