तुमचे टेट्रा आणि माझी साफसफाई

अहो,

उभ्या आयुष्यात तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन दीड महिना झाल्यावर लिहायला बसलेय. कारण उद्या मिलिंद येतोय, तुमचे उरलेले तीन मासे न्यायला. ते घराबाहेर पडण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. अजून कुणालाच सांगितलेली नाही.

तुमचे टेट्रा! आफ्रिकेतल्या कुठल्याशा जंगलातल्या ओढ्यातले, बोटाच्या पेराएवढे. इथे अमेरिकेत, बॉथेलला येऊन माझ्या सोफ्यासमोर त्यांनी संसार थाटला. चौदाच्या चौदा एकदम वळले, की तुम्ही हॉलमधून ओरडायचात, "सुनंदा, बघ बघ!" तव्यावर पोळी टाकून मी कशी येणार हो? पण एकदाही आले नाही, हे आता सलतं.

आणि ते चहासारखं पाणी! त्यात बदामाची वाळलेली पानं. आपल्याकडे शाळेच्या अंगणातून झाडून टाकतात, ती तुम्ही ऑनलाइन मागवायचात. मी हसले की म्हणायचात, "त्यांच्या ओढ्यात असंच पाणी असतं." ते बदललं तर काय होतं, हे कधी सांगितलंत? मी विचारलं नाही, कबूल. पण तुम्हीही त्या टाकीला कुणाला हात लावू दिला नाहीत.

बाराव्या दिवशी मी घर साफ केलं. सुतक फिटलं की घरात साठवलेलं पाणी ओतून टाकतात, तसं सगळं ओतलं. गराजमध्ये तुम्ही माशांसाठी भरून ठेवलेली बादलीसुद्धा. मग टाकीकडे लक्ष गेलं. दुसऱ्या दिवशी एवढी माणसं येणार, आणि हॉलमध्ये हे असलं पाणी? पानं काढली, काचा घासल्या, नळाचं ताजं पाणी भरलं. काय चकचकीत दिसत होती टाकी!

थोड्या वेळाने सगळे मासे पाण्यावर आले आणि तोंडं उघडमीट करायला लागले. मला वाटलं, भुकेले असतील. तुम्ही गेल्यापासून त्यांच्याकडे कोण बघत होतं? चिमूटभर खाणं टाकलं आणि म्हणाले, "खा रे बाळांनो, आता मीच आहे." देवा! श्वासासाठी तडफडत होते ते.

सकाळी अकरा मेलेले होते.

तेराव्याला देशपांडे मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "मुक्या जिवांना कळतं गं सगळं. मालकामागे गेले." सगळ्यांचे डोळे भरून आले. आणि मी मान हलवली! आपला रोहन अजून फोनवर मित्रांना सांगतो, "यू नो, बाबांचे फिश पण त्यांच्यासोबतच गेले." मी समोर बसून ऐकते. ऐकायला बरंही वाटतं, हेच तर वाईट आहे.

मागच्या रविवारी मिलिंद आला. तुमच्या ऑफिसातला, नागपूरचा, तुमच्यासारखाच मासेवेडा. टाकीत वाकून बघत म्हणाला, "काकू, कुणी वॉटर चेंज केलं होतं का? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने मासे गुदमरतात. पाणी आधी बादलीत भरून ठेवून ते काढावं लागतं."

मी म्हणाले, "नाही रे."

तुमच्या फोटोसमोर बसून म्हणाले! त्याने पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "यांना ग्रुप लागतो, काकू. तिघंच राहिले तर भीतीनेच मरतील. माझ्याकडे हेच अठरा आहेत, नेऊ का?"

मी आठ दिवस टाळलं. तीन का होईनात, तुमचे होते ना! पण दिवसभर फिल्टरमागे अंग चोरून बसतात बिचारे. माझं घर भरलेलं वाटावं म्हणून त्यांनी किती दिवस घाबरून काढायचे?

उद्या त्यांना देईन. आणि मिलिंदला, रोहनला खरं सांगेन, हे वचन. रोहन रागावेल. बापाची एवढी सुंदर गोष्ट आईनेच मोडली म्हणून रडेलही. रडू दे. तुमच्यामागे कुणीही आलेलं नाही हो. मासे माझ्या हातून गेले. तुम्ही एकटेच गेलात, आणि मी जेवतेय, झोपतेय, इथेच आहे.

तुमचीच,
सुनंदा