देवळामागची भिंत

काचीगुडा, हैदराबाद
श्रावण, १९९७

ती. अक्का,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

पुराचं पाणी देवळात शिरलं, हे कळलं. त्या कोरीव नर्तकींचे चेहरे कुणाला तारेच्या घासणीने घासू देऊ नकोस. आईचे गुडघे कसे आहेत?

मी बरा आहे. टीव्हीचा कारखाना मात्र बंद पडला. लोकांना आता परदेशी टीव्ही हवेत. मलकपेठेत काम विचारत हिंडतो. वॉचमन लांबूनच ओरडतात, "नक्को आओ भाई." आईला सांगू नकोस.

माझी नोकरी कायम व्हावी म्हणून तू देवळामागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतंस. नवस फळला की सरळ काढणार होतीस. पुराने ते पुसलं असेल, तर पुन्हा काढ. उलटंच काढ, अक्का.

तुझा,
दिगंबर